‘दोन’ म्हणजे एक : जळगावच्या तायको वर्गाचं परीक्षण

जळगावच्या तायको, म्हणजे जपानी ढोलाच्या, वर्गात पहिला गोंधळ होतो तो ‘दोन’ या शब्दाने. शिकवणाऱ्या ताई तोंडाने म्हणतात, ‘दोन!’ आणि वीसपैकी निम्म्या लोकांचे हात दोनदा खाली येतात. जपानी ढोलाच्या बोलांत ‘दोन’ म्हणजे एकच ठोका : पानाच्या, म्हणजे ढोलाच्या तोंडावरच्या कातड्याच्या, मध्यावर, भरीव, एका मात्रेचा. दोन ठोके हवे असतील तर बोल ‘दोको’. त्यातला ‘दो’ उजव्या हाताचा, ‘को’ डाव्याचा आणि दोन्ही मिळून पुन्हा तीच एक मात्रा. ‘का’ हा प्रश्न नसून कडेच्या लाकडावरचा ठोका आहे. तो जोडीने आला की ‘कारा’. हलक्या हाताचे बोल ‘त्सु’ आणि ‘त्सुकु’. ‘सु’ म्हणजे मात्रा रिकामी सोडायची. लहान, उंच आवाजाच्या ढोलावर हेच ठोके ‘तेन’ आणि ‘तेके’ होतात.

या पद्धतीला ‘कुचि-शोगा’ म्हणतात, म्हणजे तोंडाने गायचं वादन. तबला-ढोलकी शिकलेल्याला हे नवं नाही. वर्गात पहिली चाळीस मिनिटं काठी हातात मिळतच नाही. फक्त बोल म्हणायचे आणि मांडीवर हात मारायचा. काही जण कंटाळतात, पण हा वेळ अजिबात कमी करू नये. जो बोल तोंडातून अडखळत येतो तो हातातून सरळ येत नाही, हे दुपारपर्यंत सगळ्यांच्याच लक्षात येतं. एक दुरुस्ती मात्र तातडीने हवी. वाटलेला बोलांचा कागद रोमन लिपीत आहे. तो देवनागरीत करावा आणि पहिला बोल अवग्रह घालून ‘दोऽन’ असा छापावा. लांबवलेला ‘दोऽन’ वाचला की आकडा डोक्यात येत नाही आणि ठोक्यानंतर आवाज घुमू द्यायचा असतो हेही आपोआप कळतं.

आता वर्गाचा तपशील. शनिवार-रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, एका तुकडीत वीस जण, शुल्क दोन्ही दिवसांच्या जेवणासह अडीच हजार रुपये. शिकवणारे दोघं बाहेरगावाहून येतात आणि ढोल टेम्पोतून आणतात : एक खिळ्यांनी मढवलेला अस्सल जपानी नागादो-दाइको, एक दोरी आवळायचा शिमे-दाइको आणि ओकच्या जुन्या पिंपांपासून केलेले दोन ढोल. बाकी सराव टायरवर. तो टायरचा ढोल प्रत्येकाने तिथेच बांधायचा आणि घरी न्यायचा. शिवाय शनिवारी दुपारी दीड तास इतिहास. आमच्या मते या वर्गाची खरी किंमत त्या दीड तासात आहे आणि सर्वांत मोठी उणीवही तिथेच आहे. पण आधी हातांचं बघू.

ढोल-ताशा पथकातून आलेल्यांना आपल्याला अर्धं येतं असं वाटतं. ताकद आणि दम त्यांच्याकडे असतोच. अडतो तो डावा हात. आपल्या ढोलावर उजव्या हातात टिपरू आणि डाव्या हाताची थापी. दोन्ही हातांची कामं वेगळी. तायकोत दोन्ही हातांत सारख्याच काठ्या, दोन्ही हात एकाच पानावर आणि डाव्याचा ठोका ऐकून उजव्यापासून वेगळा ओळखू येता कामा नये. पथकातल्यांचा ‘दोको’ पहिल्या दिवशी ‘दो’ मोठा, ‘को’ बारीक असा लंगडतो. त्यावर ताई देतात तो उपाय बरोबर आहे : दहा मिनिटं फक्त डाव्या हाताने सुरुवात करायची, म्हणजे ‘दो’ डावा आणि ‘को’ उजवा. सोबत एक काळजी घ्यावी, जी वर्गात सांगत नाहीत. डावा दुबळा पडतो म्हणून त्यात जोर ओतू नये. त्याची उंची वाढवावी. काठी उजव्याइतकी वर गेली की आवाज आपसूक जुळतो. जोर ओतला की मनगट आखडतं आणि दुसऱ्या दिवशी काठी धरवत नाही.

उभं राहायचं ते पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवून, डावा पाय पुढे, डावा गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे सरळ. कंबर खाली, पाठ ताठ. ढोलापासूनचं अंतर हात पुढे करून मोजायचं : काठीचं टोक पानाच्या मध्यावर टेकलं पाहिजे आणि कोपरात थोडा वाक राहिला पाहिजे. बहुतेक जण फार जवळ उभे राहतात. मग कोपर बाहेर फेकलं जातं, काठी वरून खुपसल्यासारखी पडते आणि पानावर टोकाचे वळ उठतात. काठी जवळपास आडवी होऊन पडावी. मूठ घट्ट आवळली की अंगठ्याच्या बुडाशी आणि अनामिकेखाली फोड येतात. ठोका पडतो त्या क्षणी पकड घट्ट आणि लगेच सैल, हे जमायला दोन दिवस पुरत नाहीत, पण चूक कुठे आहे ते कळण्यापुरते पुरतात. वीस जणांत रोज प्रत्येकाच्या वाट्याला खऱ्या ढोलावर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं येतात. तुकडी बारांची असती तर बरं झालं असतं.

काठीला ‘बाची’ म्हणतात. वर्गात मिळते ती गावातल्या कातारीकडून करून घेतलेली सागाची, ४० सेंटिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर जाड. माप योग्य आहे, लाकूड नाही. जपानात मधल्या ढोलासाठी काशी नावाचा टणक ओक वापरतात. या मापाची त्याची एक काठी सुमारे दीडशे ग्रॅम भरते. सागाची जेमतेम सव्वाशेपर्यंत जाते. हलकी काठी वर उचलायला सोपी, पण तिला ढोलातून आवाज काढायचा तर हात जास्त राबतो. शिवाय ‘का’च्या ठोक्यांनी सागाचे तंतू सुटतात आणि तुसं निघतात, आम्ही पाहिलेल्या वीस जोड्यांपैकी सात जोड्यांची टोकं रविवारी दुपारपर्यंत फुटली होती. त्याच कातारीकडून शिसमाच्या करून घ्याव्यात. वजन काशीच्या जवळ जातं. टोकाची धार दोन-तीन मिलिमीटर गोल करायला सांगावं, आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं आणि व्हार्निश लावू नये; घामाने व्हार्निश निसरडं होतं आणि फोड लवकर येतात. घरातली लाटणी वापरण्याचा मोह होईल, पण ती दोन्ही टोकांना निमुळती असतात, तोल मधे राहतो आणि ठोका घरंगळतो.

टायरचा ढोल हा या वर्गातला सगळ्यात उपयोगी तुकडा. अमेरिकेतल्या तायको गटांनी ही युक्ती वर्षानुवर्षं वापरली आहे. छोट्या मोटारीचं १३ किंवा १४ इंची जुनं टायर पंक्चरच्या दुकानात सहज मिळतं. आधी आतल्या कडेवरून बोट न फिरवता फडकं फिरवावं. जास्त झिजलेल्या टायरमधून पोलादी तारा बाहेर आलेल्या असतात. तार दिसली तर ते टायर बाजूला. मग साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून उन्हात पूर्ण वाळवावं. रबरावर ग्रीस किंवा धूळ राहिली तर पट्टी धरत नाही, तासाभरात सरकते आणि पान ढिलं पडतं. पट्टी म्हणजे खोकी बांधायची रुंद पारदर्शक चिकटपट्टी, ४८ मिलिमीटरची.

बांधायला दोघं लागतात. एकाने टायर गुडघ्यांत धरून फिरवायचं, दुसऱ्याने पट्टी ताणून एका तोंडावरून आडवी नेत, नक्षीच्या बाहेरून वळवून दुसऱ्या तोंडावरून परत आणायची, लोकरीचा गुंडा गुंडाळतात तशी. दर फेऱ्याला टायर दोन बोटं फिरवायचं. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, प्रत्येक फेरा बरोब्बर मध्यातून नेला की मधे जाड गाठ तयार होते आणि काठी त्यावरून उडते. एक फेरा मध्याच्या डावीकडून, पुढचा उजवीकडून असा न्यावा. दुसरी, पट्टी अति ताणली की नक्षीच्या कडेवर चिरते. ताण एवढा हवा की बोटाने टिचकी मारल्यावर आवाज यावा. ६५ मीटरच्या एका रोलमध्ये पंचेचाळीसच्या आसपास फेरे होतात आणि दोन्ही तोंडं झाकली जातात. वर्गात माणशी एकच रोल देतात आणि तिथेच गाडं अडतं, कारण एका थराचं पान पंधरा मिनिटांच्या ‘दोको’ने मधे बसतं. दोन रोल हवेतच. दुसरा रोल आपण घेऊन जावा. खर्च शंभर रुपयांच्या आत.

बांधलेलं टायर प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवायचं, पान बेंबीच्या किंचित खाली येईल अशा उंचीवर. पालथी बादली वापरू नये, तिचा बूड तडकतो. आवाज ‘धप’ असा कोरडा येतो, घुमत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तेच सोयीचं.

आता तो दीड तास.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलंय : ‘दोन हजार वर्षांची जपानी ढोलकला’. वर्गात मात्र शिक्षक पहिल्या दहा मिनिटांत याच्या उलट सांगतात, आणि जे सांगतात ते खरं आहे. तायको या शब्दाचा अर्थ नुसता ढोल. ढोल जपानात जुना आहेच. गुन्मा प्रांतात सहाव्या शतकातली भाजल्या मातीची मूर्ती सापडली आहे, तिच्या अंगावर ढोल लटकवलेला आहे आणि हातात काठी आहे. त्यानंतर चीन-कोरियामार्गे बौद्ध धर्माबरोबर आणि दरबारी संगीताबरोबर वेगवेगळे ढोल आले. देवळात, नोह आणि काबुकीच्या रंगमंचावर, गावच्या जत्रांत ते वाजत राहिले. पण बहुतेक ठिकाणी ढोल बासरीच्या, नाचाच्या, मिरवणुकीच्या साथीला. दहा-वीस माणसं, लहान-मोठे ढोल, समोर प्रेक्षक आणि ढोल हाच मुख्य विषय, असा आज आपण पडद्यावर बघतो तो प्रकार म्हणजे ‘कुमी-दाइको’. त्याची सुरुवात १९५१ सालची.

नागानो प्रांतातल्या सुवा भागात दाइहाचि ओगुचि नावाचे जॅझ ड्रमवादक होते. सुवाच्या देवस्थानाशी निगडित जुन्या ढोलवादनाचा एक लिहिलेला कागद त्यांच्यासमोर आला. तो उलगडताना त्यांना प्रश्न पडला की हे सगळं एकाच ढोलावर, एकट्याने का वाजवायचं? जॅझचा ड्रमसेट बघितलेल्या माणसाचा हा प्रश्न. त्यांनी वेगवेगळ्या उंचीचे आवाज वेगवेगळ्या लोकांत वाटून दिले : उंच आवाजाचा शिमे ठेका धरणार, मधले नागादो मुख्य चाल नेणार, मोठा ओ-दाइको खालून आधार देणार. शिक्षक हे नुसतं सांगत नाहीत. ते तीन जणांना उभं करतात, आधी एकालाच सगळे बोल वाजवायला लावतात आणि मग तेच बोल तिघांत वाटतात. खोलीतला आवाज त्या क्षणी बदलतो. शिमेवरचा अखंड ‘तेके तेके’ हा ‘जि-उचि’, आपल्या भाषेत ठेका. तो थांबला की बाकीचे लगेच धावायला लागतात, हेही तिथेच दिसतं. इतिहास हाताने समजावण्याची ही तऱ्हा आम्हांला फार आवडली.

पुढचे टप्पे त्यांनी भरभर पण नेमके सांगितले. १९५९ मध्ये टोकियोत सुकेरोकु गट. उन्हाळ्यातल्या बोन नाचाच्या ढोलवादनातून आलेले वादक, तिरप्या घोडीवर ठेवलेला ढोल, हातांची नजाकत आणि एकट्याच्या वादनाला जागा. १९६९ मध्ये सादो बेटावर देन तागायासु यांनी उभं केलेलं ओन्देकोझा : तरुण एकत्र राहायचे, रोज धावायचे, वाजवायचे, १९७५ मध्ये हे वादक बोस्टनची मॅरेथॉन धावले आणि शेवटच्या रेषेपाशी येऊन ढोल वाजवला. त्यातूनच १९८१ मध्ये कोदो झाला, पहिला कार्यक्रम बर्लिनला. ‘कोदो’चा एक अर्थ हृदयाचा ठोका, चिन्हं वेगळी घेतली तर ढोलाची लेकरं.

अमेरिकेचा भाग आणखी वेळ मागतो. सेइइचि तानाका यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वर्ग सुरू केला. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बौद्ध मंदिरात किन्नारा गट जमला. हे नाव ‘किन्नर’ या आपल्या जुन्याच शब्दावरून आलेलं, देवांचे गायक-वादक या अर्थाने. अस्सल ढोल परवडत नव्हता, म्हणून तिथे वाइनची ओकची पिंपं घेऊन, फळ्या घासून, डिंकाने जोडून, वर कातडं ठोकायचं तंत्र रुळलं. हे बहुतेक तरुण जपानी स्थलांतरितांची तिसरी पिढी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं होतं. त्यानंतर त्या घरांत आपलं वेगळेपण दिसू नये असाच प्रयत्न होता. नातवंडांनी ढोल काढला तो मोठा आवाज करण्यासाठी. त्या गटांत स्त्रिया सुरुवातीपासून पुढे होत्या आणि आज तिथे त्यांचीच संख्या जास्त आहे. समोर ठेवलेला पिंपाचा ढोल हा ‘स्वस्तातला पर्याय’ नाही, त्याच्यामागे ही हकिगत आहे, हे वर्गात नीट पोहोचत नाही. शिक्षकांनी एवढं केलं तरी पुरे : पिंपाच्या ढोलावर हात ठेवून हा भाग सांगावा.

दोन ठिकाणी घसरण झाली. ‘जपानात ढोलाचा आवाज पोहोचेल तिथपर्यंत गावाची शीव धरत’ हे वाक्य ठामपणे सांगितलं गेलं. ऐकायला गोड आहे आणि जगभरच्या तायको कार्यक्रमांत ते फिरत असतं, पण त्याला लेखी आधार कोणी दाखवत नाही. ‘असं म्हणतात’ एवढं जोडलं तर चालेल. दुसरी घसरण श्रोत्यांना खूश करण्यासाठीची : ‘म्हणजे तायको हा मुळात आपलाच ढोल.’ टाळ्या पडल्या, पण हे खरं नाही. खरी असलेली गोष्ट याहून सुंदर आहे. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोहोचले आणि ७५२ मध्ये नारा इथल्या तोदाइ-जि मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्यांच्या हातून झाला; त्या सोहळ्यात अनेक देशांचं संगीत आणि नाच झाले. अजिंठ्याच्या भिंतींवर ढोल वाजवणारी माणसं रंगवलेली आहेत आणि ती लेणी जळगावहून दीड-दोन तासांवर आहेत. जळगावात हा तास अजिंठ्यापासून सुरू करून नाराला नेता येईल. ‘मुळात आपलाच’ म्हणायची गरजच उरत नाही.

उणीव म्हटली ती कातड्याची. खऱ्या नागादोचं खोड एका ओंडक्यातून कोरतात. उत्तम लाकूड केयाकीचं. कोरलेलं खोड काही वर्षं वाळवतात, नाहीतर पुढे ते तडकतं. मग भिजवलेलं गाईचं कातडं तोंडावर टाकून कडेने दोऱ्या बांधून ओढतात, वर माणसं उभी राहून पायांनी दाबतात, पुन्हा ओढतात आणि हवा तो आवाज लागला की लोखंडी खिळ्यांच्या दोन रांगा ठोकतात. हे कातडं कमावणारी आणि ढोल मढवणारी माणसं जपानात शतकानुशतकं अस्पृश्यासारखी वागवली गेली. १८७१ मध्ये सरकारी हुकुमाने ती जातवारी कागदावर संपली, व्यवहारात नाही. ओसाकातल्या नानिवा भागात अशी ढोल करणाऱ्यांची मोठी वस्ती होती. ढोल केले त्यांनी, देवळात आणि रंगमंचावर वाजवले दुसऱ्यांनी. त्या वस्तीतल्या तरुणांनी १९८७ मध्ये स्वतःचा तायको गट काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘इकारि’, म्हणजे संताप.

वर्गात याला एक वाक्य मिळालं : ‘ढोल बनवणाऱ्यांनाही खूप त्रास झाला.’ महाराष्ट्रात बसून हे एका वाक्यात उरकणं बरोबर नाही. हलगी वाजवणं आणि मेलेली ढोरं ओढणं ज्यांच्या माथी जातीने मारलं होतं, आणि बाबासाहेबांच्या हाकेनंतर ज्यांनी ती कामं सोडली, त्यांची घरं खान्देशात गावोगावी आहेत. वीस जणांच्या तुकडीला ही गोष्ट समजायला वेगळं काही शिकवावं लागणार नाही.

आणि माणूस तर खोलीतच होता. रविवारी सकाळी आयोजकांनी गावातल्या एका ढोल मढवणाऱ्या नानांना बोलावलं होतं. नानांनी नागादोभोवती एक फेरी मारली, खिळ्यांच्या रांगेजवळ चार ठिकाणी अंगठा दाबला, मग नखाने मध्यावर टिचकी मारून कान खाली नेला. पथकातल्या एका मुलाने विचारलं, ‘नाना, पान सैल पडलं तर हे कसं ओढायचं?’ नाना म्हणाले, ‘आठे दोरीच नही, वढशात काय?’ दोन दिवसांतलं सर्वांत नेमकं उत्तर. आपला ढोल दोरीचा, शिमेही दोरीचा. वाजवण्याआधी आवळायचा, झाल्यावर सैल करायचा. नागादोला एकदा खिळे ठोकले की आवाज ठरला. पान सैल पडलं की खिळे उपटून नवं कातडं चढवायचं, मधला मार्ग नाही. महाराष्ट्रात ते काम म्हशीच्या कातड्यावर करावं लागेल; ते जाड असतं, त्यामुळे आवाज आणखी बसका येणार, हेही नानांनीच सांगितलं. त्यांना वीस मिनिटं मिळाली. पत्रकावर त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या वेळी त्यांना पूर्ण तास, शिक्षकांच्या बरोबरीची खुर्ची आणि मानधन मिळावं, असं आम्ही आयोजकांना सांगितलं आहे.

ढोलाची काळजी हा भाग वर्गाने जवळजवळ सोडूनच दिला, आणि खान्देशात तोच आधी सांगायला हवा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि हवा कोरडीठाक असते. लाकूड आटतं, कातडं आवळतं, खिळ्यांपाशी ताण वाढतो. आवाज आधी उंच होतो आणि मग एखाद्या दुपारी खोडाला चीर जाते किंवा पान खिळ्यांच्या ओळीत फाटतं. ढोल बंद टेम्पोत उन्हात ठेवू नये, कूलरच्या झोताखाली ठेवू नये, एसीच्या तोंडासमोर तर नाहीच. जाड सुती चादरीत गुंडाळून, घराच्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून उचलून ठेवावा. पावसाळ्यात उलट : कातडं ओल धरतं, आवाज बसतो, बुरशीचे ठिपके येतात. कोरड्या फडक्याने पुसून वारा लागेल असं ठेवावं. तेल लावू नये. हलगी शेकतात तसा हा ढोल जाळावर धरू नये. खिळ्यांनी जखडलेलं कातडं एकीकडून तापलं की तिथूनच जातं. ही तुकडी एप्रिलमध्ये होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ढोलालाही बरा आणि माणसांनाही.

हॉल पत्र्याच्या छताचा. चार ढोल एकदम सुरू झाले की मोबाइलवरच्या मापकाचा आकडा १०० डेसिबलच्या पुढे जातो. कानात घालायचे फोमचे बोळे द्यायला हवे होते, ते दिले नाहीत. औषधाच्या दुकानात मिळतात. बोळा दोन बोटांत वळून बारीक करायचा, कान वर ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा.

जेवण उत्तम. शनिवारी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत. चव अस्सल, पण तुपात भिजलेल्या बट्टीनंतर तीन वाजता कंबर खाली नेऊन उभं राहणं कठीण जातं. दुपारचं सत्र इतिहासाचं ठेवलं ही त्यांनी केलेली योग्य मांडणी. रविवारी मात्र जेवणानंतर लगेच वाजवायला लावलं.

रविवारी शेवटच्या दोन तासांत बसवलेली रचना शिक्षकांची स्वतःची होती आणि तसं त्यांनी आधी सांगितलं. याला आम्ही फार महत्त्व देतो. चिचिबुच्या डिसेंबरमधल्या रात्रीच्या जत्रेचं वादन किंवा मियाके बेटाचं वादन ही त्या त्या गावांची आहेत. रंगमंचावर गाजली म्हणून ती कोणाचीही होत नाहीत. सातपुड्यात काठीच्या राजवाडी होळीचा ढोल कोणी शहरात नेऊन गावाचं नावही न घेता वाजवला तर कसं वाटेल, हे नंदुरबारकडच्यांना सांगायला नको. वर्गात शिकलेली ही रचना शाळेत, मंडळात वाजवायला शिक्षकांची परवानगी आहे, फक्त कोणाची आहे ते सांगायचं.

जाणार असाल तर सैल सुती पँट, घाम पुसायला पंचा, चिकटपट्टीचा जादा रोल, बोटांना लावायला कापडी चिकटपट्टी आणि कानांचे बोळे न्या. अनवाणी वाजवायचं असतं. टायर परत नेताना दुचाकीवर मागे उभं बांधू नका, पट्टीवर दोरीचे काच पडतात. आडवं ठेवून खाली-वर पुठ्ठा घाला. घरी गेल्यावर ते गच्चीत ठेवू नका. उन्हात पट्टीचा डिंक पाघळतो आणि आठवड्यात पान गळतं. पलंगाखाली ठेवा, आणि मधे बोट भर खड्डा पडला की जुनी पट्टी न काढता तिच्यावरूनच अर्धा रोल चढवा.